घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस घेताय? पैसे भरण्याआधी हे एक पान उघडा

(टेबलावर लॅपटॉप आणि एक पेन ड्राइव्ह)

नमस्कार मंडळी!

गेल्या दिवाळीत सांगलीला मामांकडे गेले होते. हातात चहाचा कप येतोय तोवर मामा म्हणाले, “अगं, त्या लॅपटॉपकडे बघ जरा. चालू व्हायला दहा मिनिटं घेतो, आणि झाला चालू की कोपऱ्यात लाल चौकोन येतो.” उघडून बघितलं, तर आत तीन अँटिव्हायरस! एक लॅपटॉपसोबतच आलेला, ट्रायल केव्हाच संपलेली. दुसरा दुकानदाराने पैसे घेऊन बसवलेला, त्याचीही मुदत संपलेली. तिसरा फुकटचा, मामांनी स्वतः डाउनलोड केलेला. मामांना वाटत होतं, तीन आहेत म्हणजे तिप्पट पहारा.

तसं नसतं. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्ये थांबवून तपासतो. दोघं-तिघं एकाच फाइलवर बसले की मशीन रखडतं, आणि एकमेकांच्या कामात अडथळा येतो तो वेगळाच. मुदत संपलेल्याला तर नव्या व्हायरसची माहितीच मिळत नाही.

म्हणून कुठला घ्यायचा हे नंतर बघू. आधी स्टार्टवर जाऊन ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा. त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’. तिथे ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ दिसेल, त्यावर क्लिक करा.

(स्क्रीनवर तेच पान)

आत्ता तुमच्या मशीनवर पहाऱ्याला कोण आहे, त्याची यादी इथे आहे. ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हे नाव तुम्ही काहीही विकत घेतलं नसलं तरी असणार, कारण २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजच्या आतच येतो. बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की हा मागे सरतो. बाहेरचा काढून मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा पुढे येतो.

माझं मत स्पष्ट सांगते: ज्या घरात विंडोज ११ आहे, अपडेट वेळेवर होतात आणि इंटरनेट कायम असतं, तिथे डिफेंडर पुरतो. हे फक्त मला वाटतं म्हणून नाही. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा अँटिव्हायरसना संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तीन गोष्टींसाठी प्रत्येकी ६ गुण देते. गेल्या काही वर्षांत डिफेंडर तिथे बऱ्याचदा पूर्ण १८ च्या आसपास असतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज त्याची दुसरी बाजूही दाखवते: इंटरनेट नसताना डिफेंडरची नजर कमी पडते. त्याची बरीचशी हुशारी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे.

आता हा पेन ड्राइव्ह बघा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेला होता. लावल्यावर यात काय दिसतंय? माझे फोल्डर. नाव तेच, चित्र तेच. पण कॅमेरा जवळ आणते… फोल्डरच्या कोपऱ्यात हा छोटासा बाण दिसतोय? आणि साइज बघा, २ केबी. फोटोंचा फोल्डर २ केबीचा कसा असेल? हा फोल्डर नाहीच, शॉर्टकट आहे. खरा फोल्डर व्हायरसने लपवून ठेवलाय. तुम्ही शॉर्टकट उघडलात की आधी व्हायरस चालतो, मग तुमचा फोल्डर उघडतो. फोटो दिसतात, म्हणून संशयच येत नाही. त्यानंतर त्या कॉम्प्युटरला जो पेन ड्राइव्ह लागेल, तो बाधित होतो. असं दिसलं तर घाबरून फॉरमॅट मारू नका. आधी ड्राइव्ह स्कॅन करा, मग एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तरी फोल्डर दिसले नाहीत तर जाणकाराकडून काढून घ्या. बहुतेक वेळा फाइली आतच असतात.

तर विकत कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे दिवसभर परके पेन ड्राइव्ह येतात, म्हणजे घरूनच डीटीपी, टायपिंग किंवा फॉर्म भरायचं काम करणारे, आणि त्यातही इंटरनेट धड नसणारे, त्यांनी जरूर घ्यावा. शिवाय अडचण आली की फोनवर आपल्या भाषेत समजावणारं कुणी हवं असेल, तर त्यासाठी पैसे देणंही मला पटतं. आपल्याकडचा क्विक हील आहे. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून उभा केलेला. मुंबईचा ई-स्कॅन आहे, चेन्नईचा के-७ आहे. घेण्याआधी त्यांची ट्रायल आपल्याच मशीनवर आठवडाभर चालवून बघा, जड जातो का ते तिथेच कळतं. आणि ऑनलाइन पैसे भरताना ‘ऑटो रिन्यूअल’ची खूण काढायला विसरू नका. पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी नसते.

फुकटचा घेताना मात्र कंपनी पैसे कशातून कमावते ते बघा. अव्हास्टने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेल्यानेच घरातल्या गोष्टी बाहेर विकल्या, याचा मला आजही संताप येतो.

एक गोष्ट कुठलाच अँटिव्हायरस करू शकत नाही, ती म्हणजे विंडोजमधली भोकं, म्हणजे व्हायरसला आत शिरू देणाऱ्या त्रुटी, बुजवणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले. त्याचं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर डिफेंडरची व्हायरस-यादी पुढेही येत राहणार आहे, पण नवी भोकं उघडी राहतील. विंडोज ११ चालणारं मशीन असेल तर अँटिव्हायरसच्या आधी विंडोज ११ वर जा.

आणि क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स मोडून फुकट वापरायचं सॉफ्टवेअर! त्याच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. म्हणजे कुलूप आपण स्वतःच काढून द्यायचं. कृपा करून हे करू नका, मुलांनाही समजावून सांगा.

मामांचं काय केलं? तिन्ही काढले, रीस्टार्ट केलं, डिफेंडर चालू झाल्याची खात्री केली. त्याचं ऑफलाइन स्कॅन लावलं, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी; त्याला साधारण पंधरा मिनिटं लागतात. अँटिव्हायरसचे वाचलेले पैसे एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये घातले. आजीचे सगळे फोटो त्यावर घेतले आणि डिस्क काढून कपाटात ठेवली. ती सतत लावून ठेवायची नाही, नाहीतर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, आला तर तिलाही कुलूप लावेल.

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा वाजतोय, खाली एक नंबर: ‘ताबडतोब फोन करा’. मामांनी त्या नंबरऐवजी मला फोन केला. खरा अँटिव्हायरस असा नंबर देऊन फोन करायला लावत नाही. एस्केप बटण दाबून धरायचं, नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून मशीन बंद करायचं. कुणी फोन करून बसलंच असेल आणि पैसे गेले असतील, तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. त्यांनी मशीनमध्ये काही टाकायला लावलं असेल तर इंटरनेट आधी तोडा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.