मावळतीच्या आत मजुरी

(दृश्य: धरणगाव परिसरातलं कपाशीचं शेत. वेचणी चालू.)

दिवाळी आटोपली की खान्देशात कपाशीची शेतं पांढरी होतात. पहाटे दव असतं. ओला कापूस वजनाला जास्त भरतो आणि वेचणीची मजुरी किलोवर ठरते, त्यामुळे तो ओलावा कुणाच्या तरी खिशातून जातोच. बाईने दवातच ओटी भरली तर मालकाच्या खिशातून. मालकाने संध्याकाळी ताणकाट्यावर गाठोडं टांगून ‘दव धरलंय’ म्हणत हवं तेवढं वजन कापलं, तर बाईच्या. पुढे तोच मालक व्यापाऱ्याकडे माल नेणार असतो. आदल्या रात्री कापसावर पाणी मारायचं की नाही, हे मग त्यालाही ठरवावं लागतं.

ख्रिस्ती विश्वासाची गोष्ट आम्ही चर्चच्या दारातून सुरू न करता या काट्यापासून सुरू करतोय. पवित्र शास्त्रही हा काटा सोडत नाही. लेवीय या पुस्तकाचा 19 वा अध्याय उघडा. शेताचे कानेकोपरे कापून नेऊ नका, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका. तराजू खरा, वजनं खरी, मापं खरी ठेवा. आणि याच सगळ्याच्या मधोमध, 18 व्या वचनात, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलंय. येशूने सर्वात मोठ्या आज्ञांमध्ये जी दुसरी सांगितली, ती हीच. तिच्या एका बाजूला मजुरी आहे, दुसऱ्या बाजूला तराजू. आपण मात्र ती उचलून लग्नपत्रिकेवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेऊन ठेवली.

(दृश्य: आठवडे बाजार. भाजीची पालं, पिशव्या घेऊन निघालेल्या बाया.)

आमच्याकडे मजुरीचा हिशेब बरेचदा बाजाराच्या दिवशी होतो. दोघांच्या संमतीने तसं ठरलं असेल तर त्यात खोट नाही. खोट येते ती ‘पुढच्या बाजारी देतो’ या वाक्यात. त्या बाईचं तेल-मीठ, पोराची वही, सासूच्या गोळ्या, सगळं त्या एका सकाळवर टेकलेलं असतं. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात याचं कारण दिलंय: मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत दे. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. रविवारी हात उंचावून गाणाऱ्या शेतकऱ्याने शनिवारच्या बाजारी मजूर बाईला टाळलं, तर देवाच्या कानी आधी काय पोहोचत असेल? अहिराणीत सांगायचं तर आजना पैसा आज. विश्वासाची अर्धी साक्ष तिथेच झाली.

याच धरणगावात 13 ऑगस्ट 1890 रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म झाला. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात या किशोरवयीन मुलाने कविता म्हटली आणि तो महाराष्ट्राचा बालकवी झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याची किंमत नात्यागोत्यात मोजली होती. ते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, दोघांनी या खान्देशी मुलाला पोटच्या पोरासारखं वागवलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्या घरातली माया आटली नाही. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. मला मात्र त्यांचा विश्वास त्या भजनांइतकाच या उघड्या घरात दिसतो. काहीही परत न मागता कुणाला आपलं मानणं सोपं नसतं.

(दृश्य: सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग. नवापूरची रंगावली नदी.)

पश्चिमेला नंदुरबार जिल्ह्यात मावची, भिल्ल, कोकणी या आदिवासी घरांमध्ये ख्रिस्ती कुटुंबं आहेत. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल याच पट्ट्यात आहे. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघर माहीत आहे. अंग ठणकणाऱ्या लेकराशेजारी रात्र काढणं हीसुद्धा उपासनाच आहे, असं आम्ही मनापासून मानतो. काही घरांत बापाने दारू सोडली आणि तो पैसा चुलीपर्यंत पोहोचला. शेजाऱ्यांना पहिल्यांदा दिसतं ते हे.

अवघड जागाही आहेत. एक भाऊ ख्रिस्ती, दुसरा आपल्या देवाला मानणारा. होळीच्या पूजेत पहिला बसत नाही, आणि तो त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण पुतणीच्या लग्नाचा मांडव घालायला, भावाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला त्याने सगळ्यांच्या आधी गेलं पाहिजे. देव वेगळा मानला म्हणून भाऊ परका होत नाही.

(दृश्य: ऊसतोडीला निघालेली गाडी. भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुलं.)

आणि दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरून, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन माणसं गुजरातच्या कारखान्यांकडे निघतात. मागे म्हातारी माणसं राहतात. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, जे गावात थांबलेत, त्यांच्यासाठी पुढचे महिने हीच सेवा आहे: म्हाताऱ्यांच्या घरी प्यायचं पाणी भरलं गेलं का, कुणाची औषधं संपली का, शाळेसाठी मागे ठेवलेलं पोर शाळेत जातंय ना. दशांश (कमाईचा दहावा भाग) चर्चच्या पेटीत टाकून हे काम उरकत नाही.

मुकादम आपल्याच मंडळीतला असेल, तर त्याच्याशी आम्हाला बोलायचंय. दादा, उचल किती, किती टन ऊस तुटला, किती फिटली, हे जोडप्याला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. हिशेबाची नक्कल त्यांच्या हातात द्या. आणि हे परतीची गाडी भरायच्या आधी करा, कारण एकदा गावी आल्यावर त्या आकड्यांची शहानिशा करायला फडावर कुणी जात नाही.