विटांवर कर लागला तेव्हा! इंग्लंडमधलं जुनं शेतघर

नमस्कार मंडळी! इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं, लाल विटांचं शेतघर दिसलं की लोक आधी धुराड्याचा फोटो काढतात. आज धुराडं राहू दे, आपण भिंतीला नाक लावून विटा बघू. कारण या विटांवर सरकारने चक्क कर लावला होता.

साल १७८४. अमेरिकेतल्या युद्धाने तिजोरीला भोक पडलेलं, म्हणून हजार विटांमागे अडीच शिलिंग कर. आता गंमत बघा, कर नगावर होता! मग काय, लोक विटाच मोठ्या पाडू लागले. लेस्टरशायरमधल्या मीशम गावच्या जोसेफ विल्क्सने तर जवळपास दुप्पट आकाराच्या विटा पाडल्या. त्यांना ‘गॉब’ म्हणतात, तिथल्या जुन्या भिंतींत त्या आजही दिसतात. सरकारही काही कच्चं नव्हतं, पुढे मोठ्या विटांना दुप्पट कर आला. सगळा कर उठला तो १८५० साली.

(भिंतीचा जवळून फोटो)

आता विटांची रचना बघा. एक वीट लांब बाजू दाखवतेय, तिच्या शेजारची नुसतं टोक, पुन्हा लांब, पुन्हा टोक. हा फ्लेमिश बाँड. अख्खा थर लांब विटांचा आणि त्यावरचा अख्खा थर टोकांचा असेल, तर तो इंग्लिश बाँड, त्याहून जुना. यातली काही टोकं निळसर काळी, काचेसारखी चकाकणारी दिसतील. भट्टीत जाळाजवळ राहिलेल्या विटा त्या. टाकून न देता गवंड्यांनी त्यांचीच नक्षी केली. मला तर अख्ख्या भिंतीत हीच टोकं सगळ्यात आवडतात.

पण दर्शनी भिंतीवरून घराचं वय ठरवू नका हं. कित्येक घरांत आत ओकच्या लाकडाचा जुना सांगाडा असतो, विटांचा मुखवटा नंतर चढवलेला. खरं काय ते माळ्यावर चढल्यावर कळतं.

तिकडे असं घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी एक सांगतो. या विटा चुन्यात बसवल्यात. दरजा सिमेंटने भरल्या, की आतली ओल दरजेतून निघत नाही, विटेत मुरते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणून भाव ठरवण्याआधी गवंड्याला विचारा, चुन्याचं काम येतं का? आणि घर ‘लिस्टेड’ असेल, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेल्या इमारतींच्या यादीत असेल, तर आधी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, फोन करा.