पाण्याखालची पेरणी

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरच्या माणसाची आणि समुद्राची गाठ पडते ती ताटात. आंबा घाटातून नाहीतर गगनबावड्यावरून बर्फाच्या पेट्या वर येतात, सुरमई, बांगडा, कोलंबी, आणि त्या दिवसापुरती आपण तांबड्या-पांढऱ्याशी बेइमानी करतो. एक सांगू का? घाटावरची माणसं माशाच्या कालवणात मटणाचा मसाला ओततात आणि वर म्हणतात, माशाला चवच नाही. अहो, चव ठेवलीत कुठं तुम्ही? असो. आज बोलायचंय ते समुद्रातले कितीतरी मासे जिथं लहानाचे मोठे होतात त्या गवताबद्दल.

समुद्राच्या तळाशी गवत असतं. शेवाळ नव्हे हं, गवत. त्याला मुळं असतात, खोड गाळाखालून आडवं पसरत जातं, पाण्याखालीच फुलं येतात, पराग पाण्यातून वाहत जातात आणि बी धरतं. जगात याच्या साठ-सत्तर जाती आहेत. आपल्या देशात मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप, अंदमान इथं याची मोठी कुरणं आहेत. कोलंबीची पिल्लं, बारके मासे, खेकडे त्या पात्यांत दडून वाढतात.

या गवताला मुख्य काय लागतं, तर उजेड. पाण्यावर जेवढा उजेड पडतो त्यातला दहा-वीस टक्के तरी तळापर्यंत पोचावा लागतो. आता समुद्र तापत चाललाय, मग गवताचं काय होतं? हिशेब घरखर्चाचा आहे. दिवसा उजेडात पातं अन्न तयार करतं, ती कमाई. श्वास रात्रंदिवस चालतो, तो खर्च. पाणी तापलं की खर्च भराभर वाढतो, कमाई मात्र त्या मानानं वाढत नाही. पाणी नितळ असेल तर घर कसंबसं चालतं. पाणी गढूळ असेल तर बसतंच. पुन्हा सांगतो, कारण आज एवढं लक्षात राहिलं तरी पुरे: तापलेल्या पाण्यात गवताला जास्त उजेड लागतो.

आता ती गोष्ट. मला विषय कुठलाही द्या, मी या गोष्टीवर येतोच, घरचे वैतागलेत.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्य आहे. तिथं किनाऱ्याला समांतर बेटांची रांग आहे आणि बेटं नि किनारा यांच्या मधे उथळ पाणी. त्या पाण्यात ईलग्रास नावाचं समुद्री गवत माजलेलं असायचं आणि गवतात स्कॅलप, आपल्या तिसऱ्यांच्या भावकीतला शिंपला. त्यावर कितीतरी घरांच्या चुली चालायच्या. १९३०च्या सुमाराला या गवताला रोग लागला. एक सूक्ष्म जीव, जवळजवळ बुरशीसारखा. पात्यावर काळा ठिपका, ठिपक्याचा पट्टा, मग पातंच तुटून वाहून जायचं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचं नव्वद टक्क्यांच्या आसपास ईलग्रास त्यात गेलं. व्हर्जिनियात जे काही तग धरून होतं, त्यावर ऑगस्ट १९३३ मध्ये मोठं चक्रीवादळ आलं. गवत संपलं. गवताबरोबर स्कॅलपही संपला.

तिथं हॉग नावाच्या बेटावर ब्रॉडवॉटर हे गाव होतं. वादळात गावात पाणी शिरलं आणि पुढच्या काही वर्षांत गाव उठलं. उठलं म्हणजे कसं, तर लोकांनी आपली लाकडी घरं बुडापासून उचलली, तराफ्यावर चढवली आणि पाण्यातून ओढत पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवली. घराला दार, दाराला कडी, सगळं जसंच्या तसं! आणि आपल्याकडे? पंचगंगा दरवेळी उंबऱ्यात येते, पुनर्वसनाचे प्लॉट कागदावर असतात, तरी गाव हलत नाही. मी कुणाला दोष देत नाही. पण पूररेषेच्या आत नवीन बंगला बांधणाऱ्याला मात्र मी दोष देतो, अगदी नाव घेऊन द्यायला हवा.

बरं, गोष्टीकडे. पुढची साठेक वर्षं तो तळ उघडाच राहिला. गंमत बघा, पाणी नितळ होतं, उजेड तळापर्यंत पोचत होता, मग गवत परत का आलं नाही? बीच नव्हतं! या गवताचं बी जड, बहुतेक बी पडल्या जागेपासून काही मीटरवरच गाळात बसतं. जवळपास गवतच नाही तर बी येणार कुठून? १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथं कुठूनसं आलेलं गवताचं एक लहानसं बेट सापडलं. म्हणजे जमीन अजून धरते आहे. मग तिथल्या सागरी विज्ञान संस्थेच्या लोकांनी ठरवलं, पेरायचं.

पेरायचं कसं? वसंतात, बी भरलं की, जिथं गवत शिल्लक आहे तिथं लोक पाण्यात उतरतात आणि फुलोऱ्याच्या काड्या हातानं खुडतात. स्वयंसेवक असतात, त्यात विद्यार्थी असतात, निवृत्त मंडळी असतात. त्या काड्या समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत उन्हाळाभर ठेवतात. काड्या कुजून जातात आणि बी तळाला बसतं. तीन-चार मिलिमीटरचं, लांबट, काळपट तपकिरी, अंगावर उभ्या शिरा. हलकं, पोचट बी वेगळं काढून टाकायचं. मग शरद ऋतूत होडीत उभं राहून, मूठ भरून, पाण्यावर फेकत जायचं. पाभर नाही, कुळव नाही, मुठीनं फेकायचं. पाणी थंड पडलं की ते रुजतं.

वीसेक वर्षांत त्यांनी सात कोटींहून जास्त बिया फेकल्या. पेरलं किती रान? सगळे तुकडे मिळून सव्वापाचशे एकर. आणि गवत झालं किती? जवळजवळ नऊ हजार एकर! एकदा गवत उभं राहिलं की लाट मंदावते, गाळ खाली बसतो, पाणी आणखी नितळ होतं, उजेड वाढतो आणि गवत पुढं सरकतं. मग तिथं स्कॅलपही आणून सोडले.

२०१५च्या जूनमध्ये तिथं पाणी एकाएकी तापलं. एका खाडीतलं बरंचसं गवत गेलं. पण पाणी नितळ, गाळात बी शिल्लक. काही वर्षांत बहुतेक ठिकाणी परत हिरवं झालं. त्याच राज्यात शेजारी चेसापीकचा उपसागर आहे. त्यात शेतांतलं खत आणि शहरांचं सांडपाणी उतरतं, पाणी गढूळ. तिथं २००५ आणि २०१०च्या उष्ण उन्हाळ्यांत ईलग्रासचे मोठे पट्टे मेले, आणि कित्येक जागी ते परत आलं नाही. उष्णता दोन्हीकडे होती, फरक उजेडाचा.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला शार्क बे इथं २०१०-११च्या उन्हाळ्यात हेच झालं. दोन महिन्यांहून जास्त काळ पाणी नेहमीपेक्षा दोन ते चार अंशांनी तापलेलं, त्यात नदीला पूर येऊन गाळ उतरला. तिथल्या कुरणांपैकी एक तृतीयांशाहून जास्त कुरणांना झळ बसली. गवताखालच्या गाळात शेकडो वर्षांचा कार्बन साठलेला असतो, तोही सुटायला लागतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, त्यामुळं पाण्याची आम्लता वाढते. शिंपल्यांना ते बाधतं, कवच धरायला त्रास होतो. गवताला मात्र त्याचा थोडा फायदाच, अन्न करायला कच्चा माल वाढतो. पण त्यालाही उजेड हवाच की.

आपल्या रंकाळ्यात सांडपाणी उतरलं की उन्हाळ्यात पाणी कसं हिरवं होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. समुद्रातही तेच. आणि समुद्र लांब आहे असं समजू नका. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. शेजाऱ्यानं उसाला युरियाची दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकायची, वर पाट मोडून पाणी सोडायचं. त्यातलं उसानं किती खाल्लं आणि ओढ्यानं किती नेलं, कधी बघितलंय? शिरोळकडची क्षारपड रानं बघा जाऊन एकदा, मग बोलू.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. डुगाँगचं, समुद्रगाईचं, राहिलंच. हे गवत तिचं मुख्य खाणं. तिच्यासाठी तमिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचा पट्टा राखून ठेवला. देशात अशी ही पहिलीच राखीव जागा. त्याबद्दल पुढच्या वेळी. नमस्कार.