फोन ठेवला हे कार्डाला सांगणार कोण?

नमस्कार मंडळी. ॲस्टेरिस्कवर, म्हणजे साध्या कॉम्प्युटरचा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ॲनालॉग लाइन कार्ड, म्हणजे साधी लँडलाइन कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड, कसं बसवायचं, असा विषय बाहेर बोर्डावर लिहिलाय आणि तो मी सांगणारच आहे. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या, नाहीतर पुढच्या सेटिंगा तुम्ही नुसत्या कॉपी-पेस्ट कराल, आणि सगळी बोंब तिथूनच सुरू होते.

अंबडच्या एमआयडीसीत एक कारखाना. जुना ईपीएबीएक्स काढून कुणीतरी हौसेने ॲस्टेरिस्क घातलेला लिनक्सचा सर्व्हर बसवलेला, त्यात चार पोर्टचं कार्ड, चार लँडलाइन. दिवसा सगळं छान. रात्री मात्र बाहेरून फोन लावला की चारही लाइनी एंगेज. पिंपळगावची एक पार्टी द्राक्षाच्या सीझनमध्ये क्रेटसाठी रात्रभर फोन लावत राहिली आणि शेवटी दुसरीकडून माल घेऊन मोकळी झाली. मालक वैतागलेला, मला म्हणे, "सर, लाइनवाले म्हणता मशीन खराब, मशीनवाले म्हणता लाइन खराब, आणि बिलं दोघंही वेळेवर पाठवता!" (हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच ऐकलेलं असणार.)

मी गेलो आणि आधी व्हॉइसमेल उघडला. एकेक निरोप लांबच लांब, आणि आवाज काय, तर टूं… टूं… टूं. माणूस नाहीच. रात्री कुणीतरी फोन केला, रेकॉर्डेड बाईने "कृपया आपला निरोप ठेवा" म्हटलं, समोरच्याने कंटाळून फोन ठेवला, आणि आपला सर्व्हर एक्स्चेंजची एंगेज टोन इमानदारीत रेकॉर्ड करत बसला. पाहुणा उठून घरी गेला तरी यजमान रिकाम्या खुर्चीला चहा विचारतोय, तसं. चार पाहुणे असे गेले की चारही लाइनी अडकल्या.

आता दोष कुणाचा? माझं म्हणणं, ना लाइनचा, ना मशीनचा. हे ॲस्टेरिस्क १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर नावाच्या कॉलेजातल्या पोराने अमेरिकेत लिहिलं, स्वतःच्या लिनक्स सपोर्टच्या धंद्यासाठी ईपीएबीएक्स परवडत नव्हता म्हणून. कार्डाचे ड्रायव्हर आले जिम डिक्सनच्या झपाटा प्रकल्पातून. ते नाव मेक्सिकोच्या एमिलियानो झपाटावरून, आपल्या कामाच्या झपाट्याशी संबंध नाही. त्याचंच झॅपटेल झालं, तो ट्रेडमार्क दुसऱ्याच कंपनीचा निघाला म्हणून २००८ मध्ये डाहडी झालं. असो. मुद्दा हा की या अमेरिकेतल्या मंडळींच्या लाइनवर समोरच्याने फोन ठेवला की एक्स्चेंज क्षणभर करंट तोडतं आणि कार्डाला कळतं. यालाच क्यूलस्टार्ट म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच लाइनवर करंट तुटतच नाही, नुसती टोन वाजते. म्हणजे कार्डाला कानाने ओळखायला शिकवायला हवं, आणि ते काम बसवणाऱ्याचं, लाइनमनचं नाही. माझं भांडण एवढंच आहे.

अरे, चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, पळवतो.

कार्डावर लाल मॉड्यूल म्हणजे एफएक्सओ, तिथे बाहेरची लाइन. हिरवं म्हणजे एफएक्सएस, तिथे आपला डबडा फोन. हिरव्याला एसएमपीएसची चार पिनांची वायर लावाच, घंटी वाजवायला करंट तिथूनच येतो. डाहडीच्या सिस्टम डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लाल पोर्टला सिग्नलिंग उलटं लिहायचं, एफएक्सएस केएस (केएस म्हणजे मघाचं क्यूलस्टार्ट), कारण समोर एक्स्चेंज एफएक्सएस आहे. लोडझोन आणि डीफॉल्टझोन दोन्ही 'इन', म्हणजे इंडिया. इको कॅन्सलर एमजी टू किंवा ओस्लेक, पण टाकाच, नाहीतर स्वतःचाच आवाज विहिरीतून आल्यासारखा येईल.

मग ॲस्टेरिस्कची फाइल, चॅन डाहडी डॉट कॉन्फ. इथे नीट ऐका, ही फाइल वरून खाली वाचली जाते. सेटिंग 'चॅनल' या ओळीच्या वर लिहिली तरच त्या पोर्टला लागते, खाली लिहिली तर नाही, आणि एररसुद्धा येत नाही. अंबडला नेमकं हेच होतं! बिझीडिटेक्ट येस, म्हणजे एंगेज टोन कानाने ओळख, असं लिहिलेलं होतं, पण चॅनलच्या ओळीखाली. ते वर घ्या, बिझीपॅटर्न ७५०,७५० करा, कारण आपली एंगेज टोन ४०० हर्ट्झची, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. बिझीकाउंट, म्हणजे किती टूं ऐकल्यावर लाइन तोडायची तो आकडा, फार कमी ठेवू नका, नाहीतर बोलता बोलता फोन कटेल. समोरच्याने फोन ठेवल्यावर तुमची लाइन पोलॅरिटी (तारांचं प्लस-मायनस) उलटवत असेल तर हँगअप ऑन पोलॅरिटी स्विच येस करा, ते जास्त भरवशाचं. फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर सीआयडी सिग्नलिंग डीटीएमएफ आणि सीआयडी स्टार्ट पोलॅरिटी इन करून बघा. डीफॉल्टमध्ये अमेरिकन बेलची पद्धत असते, त्यात नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे येतो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घंटीच्या आधीच येऊन जातो.

सिग्नलिंग बदललं तर नुसत्या रीलोडने होत नाही, डाहडी सीएफजी चालवून ॲस्टेरिस्क रीस्टार्ट करा. आणि बाहेरून येणाऱ्या कॉलच्या कॉन्टेक्स्टमधून (त्या कॉलला लागू होणाऱ्या डायलिंगच्या नियमांतून) बाहेर डायल करायची परवानगी अजिबात ठेवू नका, कुणीतरी तुमच्या लाइनवरून परदेशी गप्पा मारेल आणि बिल तुम्ही भराल. फॅक्सचं राहिलं. ज्यांना लागेल त्यांनी चहाच्या टेबलावर गाठा.