धोंड्यावरचा बैल कागदावर उतरवताना

नमस्कार, श्रोतेहो.

नाशिककरांना दगडात कोरलेल्या गोष्टींचे अप्रूप नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून गेले की तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे आणि दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची नोंद आहे. अशा लेखाची नक्कल करण्याची एक जुनी रीत आहे: अक्षरांवर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून तो खाचांत दाबायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. शाई उंचवट्यावर लागते, खाचा पांढऱ्या राहतात. याला ठसा घेणे म्हणतात. आज मी ज्या कोरीव चित्रांविषयी बोलणार आहे, तिथे मात्र ही रीत वापरू नये, कारण ती चित्रे घोटलेल्या भिंतीवर नसून डोंगरउतारावर उघड्या पडलेल्या धोंड्यांवर आहेत, त्यांच्या खाचा कित्येकदा नखाएवढ्याही खोल नसतात, आणि ठोकलेला ब्रश किंवा पाझरलेली शाई यांनी त्या कायमच्या बिघडू शकतात.

उदाहरण घेऊ कर्नाटकातल्या बल्लारीजवळच्या संगनकल्लू आणि कुपगल या गावांच्या टेकड्यांचे. टेकड्या ग्रॅनाइटच्या, पण त्यांपैकी एकीतून डोलेराइट या काळ्या, कठीण खडकाचा पट्टा गेला आहे, आणि त्याचे फुटलेले धोंडे उतारावर एकमेकांवर रचल्यासारखे पडले आहेत. याच परिसरात नवाश्मयुगातले, म्हणजे घासून घडवलेली दगडी हत्यारे वापरणाऱ्या काळातले, पशुपालक राहत होते. त्यांनी जाळलेल्या शेणाच्या राखेचे ढीग दक्षिणेत अनेक ठिकाणी सापडतात, तेव्हा धोंड्यांवर सर्वाधिक चित्रे लांब शिंगांच्या बैलांची असावीत यात नवल नाही. ही चित्रे छिन्नीने कोरलेली नाहीत. दगडाने दगड ठेचून त्याचे वरचे काळे पुट उडवले आहे, आणि खालचा फिकट दगड हीच चित्राची रेघ. शतके उलटली की त्या फिकट रेघेवरही पुन्हा पुट चढत जाते. त्यामुळे एकाच धोंड्यावर जुना बैल जवळजवळ दगडाच्याच रंगाचा होऊन बसलेला असतो आणि त्याच्या पाठीवर अलीकडे कुणी काढलेला दुसरा बैल उठून दिसतो. अशा वेळी कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली आहे आणि प्रत्येकीचा रंग किती गडद आहे, हे लिहून ठेवले नाही तर दोन काळांची माणसे एकाच चित्रात कोंबली जातात.

या ठिकाणाचे वर्णन पहिल्यांदा १८९२ मध्ये छापून आले. त्या वेळची छायाचित्रे पुढे फिकी पडली, आणि आधुनिक पद्धतीची बारकाईची नोंद सुरू व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तोवर शेजारी ग्रॅनाइटच्या खाणी येऊन ठेपल्या होत्या. नव्या अभ्यासकांनी एक गोष्ट टिपली, जी जुन्या छायाचित्रांत येणे शक्यच नव्हते: तिथले काही धोंडे दुसऱ्या दगडाने ठोकले की घंटेसारखे वाजतात, आणि ठोकून ठोकून त्यांवर खळगे पडलेले आहेत. म्हणून अशा जागी जाणाऱ्याने नोंदवहीत आवाजासाठीही एक रकाना ठेवावा, असे मला वाटते. अर्थात तो रकाना भरण्यासाठी स्वतः दगड उचलून ठोकू नये.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. सर्वांत आधी जागा. मोबाइलमधल्या जीपीएसचे अक्षांश-रेखांश चार-पाच मीटरने चुकू शकतात. शेतातल्या विहिरीसाठी एवढी चूक चालते, परंतु धोंड्यांनी भरलेल्या उतारावर चार मीटरच्या आत दहा धोंडे असतात आणि नंतर येणाऱ्याला नेमका कोणता ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक धोंड्याला कागदावर क्रमांक द्यायचा (दगडावर रंगाने मुळीच नाही), त्याचा दुरून, शेजारच्या झाडाझुडपांसह एक फोटो घ्यायचा आणि होकायंत्राने चित्राचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहायचे. नंतर जवळचे फोटो, प्रत्येकात सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवून. एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारे असे शे-दीडशे फोटो चहूबाजूंनी घेतले तर संगणक त्यांतून धोंड्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो, आणि मग घरबसल्या त्या प्रतिकृतीवर हव्या त्या कोनातून उजेड पाडून पाहता येते.

हाताने काढलेल्या आरेखनाची गरज तरीही संपत नाही. काढणाऱ्याला प्रत्येक रेघेपाशी थांबून ही माणसाची की निसर्गाची, हे ठरवावे लागते. खात्रीची रेघ सलग काढायची, संशयाची तुटक. आपल्या भागात तर हा संशय फार बाळगावा लागतो. आपला काळा पाषाण लाव्हाचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली गोल छिद्रे असतात, आणि झिजताना तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे जुनी रेघ टिकणे अवघड आणि नसलेली रेघ दिसणे सोपे. त्र्यंबकच्या बाजूला एका टेकाडावर वाटीएवढे गुळगुळीत खळगे पाहून मी हरखलो होतो. टेप लावून व्यास मोजला, खोली मोजली, उत्तर दिशेचा बाणही काढला. एवढ्यात शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ह्यात तर आमी वरई सडायचो." मी ते पान फाडले नाही. क्रमांकासमोर 'उखळ, वापर चालू पिढीच्या आठवणीतला' असे लिहिले. पुढे कुणी दुसरा हरखला तर त्याला ते कामी येईल.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे तांबड्या खडकाच्या उघड्या पठारांवर, परिस्थिती वेगळी आहे. तिथली कातळशिल्पे आडव्या जमिनीवर आणि आकाराने अवाढव्य आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती उभ्याने एका नजरेत मावत नाही, त्यासाठी वरून फोटो घ्यावा लागतो. उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे यांच्यासह ही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यांचा बोलबाला झाला. बोलबाला झाला की खडूवाले येतात. फोटोत चित्र उठावदार यावे म्हणून खाचेत खडू भरणे ही सवय मी पाहिली आहे, आणि मला तिचा राग आहे. भरणाऱ्याला जी रेघ दिसली तीच पुढच्या प्रत्येकाला दिसते, आणि खाचेत अडकलेली भुकटी नंतरच्या तपासणीत अडथळा होऊन बसते.

खडूची गरजच नसते, कारण तिरपा प्रकाश ते काम फुकट करतो. दुपारी बारा वाजता कोरा दिसणारा धोंडा सकाळी सातला बोलू लागतो. सूर्याची दिशा सोयीची नसेल तर अंधार पडेपर्यंत थांबावे, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून धरावी आणि जोडीदाराला ती हळूहळू धोंड्याभोवती फिरवायला सांगावे. दिवसा केवळ पाठ आणि वशिंड दिसत होते, तिथे सावली सरकता सरकता एक शिंग निघते, मग दुसरे. अशा वेळी बॅटरी कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर होती ते आधी लिहावे, आणि मग दुपारी काढलेल्या तुटक रेघेवर पेन्सिल पुन्हा, या वेळी सलग फिरवावी.

नमस्कार.