बटण नंतर, कमांड आधी

नमस्कार. इथे बसलेले बहुतेक जण एक तर शिकवणारे आहेत, नाहीतर इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यामुळे सी ही प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही. माझं म्हणणं असं आहे की पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत मुलांना 'रन'चं बटण देऊच नये. कमांड टाइप करायला लावावी. फाइल सेव्ह केल्यापासून आउटपुट दिसेपर्यंत मध्ये चार टप्पे असतात, तेही दाखवायचं मी आयोजकांना कबूल केलंय.

पण आधी टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्याबद्दल बोलू द्या. टर्बो सी १९८७ साली आलं. कोड लिहायचा एडिटर आणि त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर एकाच ठिकाणी, वेग जबरदस्त. त्या काळाच्या मानानं झकास काम होतं. पण ते डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनलेलं, सोळा बिटी. चौसष्ट बिटी विंडोजवर ते थेट चालतच नाही, म्हणून कितीतरी लॅबमध्ये आपण ते डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून चालवत राहिलो.

एका कॉलेजातली प्रॅक्टिकल परीक्षा सांगतो. मी इंटर्नल, म्हणजे कॉलेजचाच परीक्षक होतो. एका मुलीनं फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहिला. घरी लिनक्सवर शिकलेली. 'इंट मेन', शेवटी 'रिटर्न झीरो', सगळं नेटकं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं, "सीएलआरएससीआर कुठाय? गेटच कुठाय?" ती म्हणाली, "सर, त्याची गरज नाही." "जर्नलमध्ये आहे ना? मग पाहिजे." मार्क कापले. मी भांडलो, उपयोग झाला नाही. त्या मार्कांचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर मी बाकीच्या मुलांना विचारलं, गेटच कशाला लिहिता? "सर, लिहावंच लागतं." "नाही लिहिलं तर आउटपुट येत नाही." आता बघा, गेटच हा प्रमाणित सी भाषेचा भागच नाही. कंट्रोल एफ-नाइन दाबलं की प्रोग्राम चालायचा, संपायचा आणि क्षणात एडिटर परत समोर यायचा. आउटपुट मागच्या पडद्यावर राहायचं. ते दिसावं म्हणून एक कळ दाबेपर्यंत थांबायची ती युक्ती. मागच्या वेळचं आउटपुट तिथेच पडलेलं असायचं, म्हणून पडदा पुसायला सीएलआरएससीआर. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दोन्ही लागत नाहीत, आउटपुट कमांडच्या खालीच उमटतं. एका एडिटरची अडचण भाषेचा नियम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली गेली!

आणि त्याच परीक्षेत एका मुलानं आठचं फॅक्टोरियल काढलं. पडद्यावर आलं उणे २५,२१६. त्यानं ते उणे चिन्हासकट उतरवलं आणि त्यावर सही झाली. खरं उत्तर ४०,३२०. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, ३२,७६७च्या पुढे जातच नाही. आज जीसीसी या कंपायलरवर इंट चार बाइटचा असतो, त्यामुळे बारापर्यंत ठीक चालतं. तेराला यायला हवं ६,२२,७०,२०,८०० आणि येतं १,९३,२०,५३,५०४. हे जास्त धोक्याचं, कारण उणे चिन्ह नाही, कुणाला शंका येत नाही. पण कमांडमध्ये 'हायफन एफसॅनिटाइझ इक्वल टू अनडिफाइन्ड' एवढं जोडा, चालता प्रोग्राम स्वतःच ओरडून सांगतो की अमुक ओळीत ओव्हरफ्लो झाला, आकडा मावला नाही.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं आहेत. तर चार टप्पे, भरभर.

'जीसीसी हायफन कॅपिटल ई' दिलं की फक्त प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइल करण्याआधी फाइल तयार करणारा टप्पा, चालतो. पाच ओळींच्या फाइलच्या शेकडो ओळी होतात, कारण एसटीडीआयओ डॉट एच आत ओतली जाते. 'हायफन कॅपिटल एस' दिलं की असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना वाचता येतील अशा रूपात, मिळते. 'हायफन स्मॉल सी' दिलं की मशीनच्या भाषेतली डॉट ओ फाइल. काहीच दिलं नाही तर तुकडे आणि लायब्ररी जोडणारा लिंकरसुद्धा चालतो आणि ए डॉट आउट तयार होते. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की एरर कुणाची, ते ओळखता येतं.

उदाहरण घ्या. वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी वापरायला मॅथ डॉट एच घेतलंय, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी' येतं. मुलं कोड चाळत बसतात. कोड बरोबरच आहे; ती तक्रार लिंकरची, लायब्ररी जोडलेली नाही. शेवटी, फाइलच्या नावानंतर, 'हायफन एलएम' लावा. गंमत म्हणजे एसक्यूआरटीला थेट दोन हा आकडा दिला तर 'एलएम'शिवायही चालतं, कारण जीसीसी ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो. व्हेरिएबल दिलं की अडतं.

चालवताना 'डॉट स्लॅश' का? लिनक्सचा शेल, म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, सहसा चालू फोल्डरमध्ये प्रोग्राम शोधत नाही. सामायिक फोल्डरमध्ये कुणी एलएस या फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडच्याच नावाचा खोडसाळ प्रोग्राम ठेवला तर तो तुमच्या हातून चालू नये म्हणून.

आणि त्या मुलीचं 'रिटर्न झीरो'. ते शेलला मिळतं. प्रोग्राम संपल्यावर 'एको डॉलर प्रश्नचिन्ह' टाइप करा, दिसेल. जीसीसी हाही एक प्रोग्रामच. तोही कंपाइल नीट झालं तर शून्य देतो. म्हणून जीसीसीची कमांड, मग दोन अँड, मग 'डॉट स्लॅश ए डॉट आउट' असं एका ओळीत लिहिलं की एरर असताना जुनाच प्रोग्राम चुकून चालत नाही.

या कमांड एकदाच लिहून ठेवायची मेकफाइल राहिली. ज्यांना थांबता येईल त्यांनी पुढच्या बाकांवर या आणि टर्मिनल उघडून ठेवा. तुमच्याच प्रोग्रामांची करू.