एरंडाची बी आणि हॅरी बीव्हर्स

[दृश्य: अंधारात रुजणारी एरंडाची बी]

एरंडाच्या बीचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. मातीखाली, अंधारात ही बी रुजते. पान फुटलेलं नसतं, सूर्यप्रकाश पोचत नसतो. तरी काही दिवसांत तेल सरत जातं आणि वाढत्या रोपाला मिळते ती साखर. तेलातल्या मेदाम्लांपासून अशी साखर बनवणं आपल्या शरीराला जमत नाही. मग बीला ते कसं साधतं?

वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी बीव्हर्स या प्रश्नाला भिडले आणि वर्षानुवर्षं त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही.

जन्म १९२४ चा, इंग्लंडमधल्या शिल्डनचा. डरहॅम विद्यापीठातून डॉक्टरेट, मग ऑक्सफर्ड, आणि १९५० पासून अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ.

[दृश्य: क्रेब्ज चक्राची आकृती]

अडचण नेमकी कुठे होती? मेदाम्ल तुटलं की दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात. ते क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशी ऊर्जा मिळवते त्या रासायनिक फेऱ्यात, शिरले, की एका फेरीत तेवढेच दोन कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. दोन आले, दोन गेले. साखर बांधायला शिल्लक काहीच नाही.

त्याच सुमारास हान्स कॉर्नबर्ग ऑक्सफर्डमध्ये जिवाणूंचा अभ्यास करत होते. नुसत्या अ‍ॅसिटेटवर, म्हणजे अशाच दोन कार्बनच्या तुकड्यावर, जगणारे जिवाणू एक आडवाट वापरतात, हे त्यातून उलगडलं. हेच ग्लायऑक्सिलेट चक्र. आयसोसिट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज ही दोन एन्झाइम कार्बन गमावण्याच्या पायऱ्या टाळतात. दोन तुकडे आत जातात आणि साखर बांधायला चार कार्बनचं सक्सिनेट हाती येतं. १९५७ साली कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स यांनी दाखवून दिलं, की ही दोन्ही एन्झाइम रुजणाऱ्या एरंडातही आहेत!

पण एन्झाइम सापडणं वेगळं आणि साखर खरोखर त्याच वाटेने तयार होते हे सिद्ध करणं वेगळं. बीव्हर्स तिथे थांबले नाहीत. डेव्हिड कॅन्व्हिन यांच्याबरोबर त्यांनी किरणोत्सारी कार्बन असलेलं अ‍ॅसिटेट बीच्या भ्रूणपोषाला, म्हणजे रोपासाठी अन्न साठवणाऱ्या भागाला, दिलं आणि तो कार्बन कोणकोणत्या संयुगांतून सुक्रोज या साखरेपर्यंत पोचतो याचा माग काढला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष चक्राशी जुळले.

आता प्रश्न उरला जागेचा. पेशीत हे सगळं घडतं कुठे? त्यांच्या कामातला मला सर्वांत देखणा वाटणारा टप्पा हाच.

[दृश्य: सेंट्रिफ्यूजच्या नळीतले पट्टे]

हे चक्र मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत, चालत असावं, असं तोवर मानलं जाई. ब्रायडनबाख आणि बीव्हर्स यांनी भ्रूणपोषाच्या पेशी फोडून त्यांतला द्रव सुक्रोजच्या द्रावणावर ओतला. द्रावण वर पातळ, खाली उतरत दाट. नळ्या गरगर फिरवणारा सेंट्रिफ्यूज सुरू झाला, की प्रत्येक कण आपापल्या घनतेच्या थराशी जाऊन थांबतो. मायटोकॉन्ड्रिया थांबले घनसेंटिमीटरला सुमारे १.१९ ग्रॅमवर. त्यांच्याही खाली, १.२५ च्या जवळ, आणखी एक पट्टा दिसला. चक्राची ती दोन खास एन्झाइम त्या पट्ट्यात होती. पेशीतला एक नवा कण सापडला होता. साल १९६७. नाव ठेवलं ग्लायऑक्सिझोम. दोन वर्षांत कूपर आणि बीव्हर्स यांना मेदाम्लं तोडणारी यंत्रणाही याच कणात मिळाली. म्हणजे तोडणं आणि तुकडे जोडणं शेजारी-शेजारी चालतं, तुकडे भरकटायला वावच नाही.

१९६९ मध्ये बीव्हर्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ परिसरात आले, सोबत एरंडही आला. पेशीपटलांना लागणारं लेसिथिन आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, तयार होतं, हे त्यांच्या गटाने याच भ्रूणपोषात दाखवलं.

बीव्हर्स २००४ साली गेले. त्याआधी, २००० मध्ये, मोहरीच्या कुळातल्या, आयसोसिट्रेट लायेज नसलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या बिया तपासल्या गेल्या. त्या रुजल्या, त्यांचं तेलही खर्च झालं. मात्र प्रकाश अपुरा पडला की त्यांची रोपं तगेनात. अ‍ॅराबिडॉप्सिसचं बहुतेक तेल बीजपत्रांत, म्हणजे बीतल्या पहिल्या पानांत, असतं आणि ती लवकरच हिरवी होऊन स्वतः साखर बनवू लागतात. एरंडाचा भ्रूणपोष कधीच हिरवा होत नाही. आपल्या तेलाची साखर करून ती रोपाच्या हवाली करायची, एवढंच त्याचं काम, आणि ते झालं की तो सुकून जातो.